यादी आणि बिल

गेल्या शनिवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेतली आणि ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मामेबहीण, कॉलेजात भूगोल शिकवते.

"अरे, तुझा तो पावसाचा प्रोग्राम चालत नाहीये."

"कुठला पावसाचा प्रोग्राम?"

"माझ्या पीएचडीचा! २०११ साली रात्र रात्र बसून केला होतास. विसरलास ना?"

विसरलो होतो खरा. झालं होतं असं, की ताईच्या एका विद्यार्थ्याला तिचंच काम पुढे न्यायचं होतं. एका तालुक्यातल्या पर्जन्यमापकांच्या वीस वर्षांच्या नोंदी, त्यावरून काढलेली पावसाळी दिवसांची सरासरी (ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तो हवामान खात्याच्या भाषेत पावसाळी दिवस), आणि पहिल्या दशकापेक्षा दुसऱ्या दशकात किती फरक पडला त्याचा तक्ता. पोराने ताईकडून झिप फाइल घेतली, प्रोग्राम सुरू केला, आणि पहिल्याच फटक्यात पडद्यावर लाल अक्षरं.

मी झिप उघडून पाहिली. आत एक प्रोग्राम, नोंदींच्या फाइली आणि एक 'रीड मी'. त्यात तीन ओळी: "पायथन लागेल. नमपाय लागेल. मग प्रोग्राम चालवावा." बस्स. कुठलं पायथन? कुठलं नमपाय? लिहिणाऱ्या दीडशहाण्याला (म्हणजे मलाच) वाटलं असणार, एवढं काय लिहायचं, सगळ्यांना माहीतच असतं.

लाल अक्षरांचं कारण सोपं होतं. २०११ साली मी पायथन २.७ वापरत होतो. त्या शाखेची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे थांबली, आणि पायथन ३मध्ये 'प्रिंट'च्या पुढे कंस द्यावे लागतात. दिले कंस. दहा मिनिटांत प्रोग्राम चालायला लागला. ताईला "झालं गं" असं कळवणारच होतो, पण सहज म्हणून तिचा प्रबंध उघडून तक्ता ताडून पाहिला.

आकडे जुळेनात. दोन दशकांमधला फरक प्रबंधात जेवढा छापला होता, त्याहून आता कमी निघत होता. नोंदी त्याच, प्रोग्रामही तोच (कंस सोडून), आणि उत्तर वेगळं. पोहे गार झाले. ताईचा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि त्यावर तिचं नाव आहे, माझं नाही.

त्याचा उलगडा पुढे करतोच. पण तो शोधताना सबंध शनिवार-रविवार एकाच विचारात गेला: प्रोग्राम म्हणजे काही फक्त आपण लिहिलेल्या ओळी नव्हेत. त्याच्याभोवती भाषेची आवृत्ती, लायब्रऱ्या, त्या लायब्रऱ्यांना लागणाऱ्या आणखी लायब्रऱ्या, खालची ऑपरेटिंग सिस्टिम असा मोठा गोतावळा असतो, आणि उत्तर येतं ते या सगळ्या गोतावळ्यासकट. हा गोतावळा कागदावर, म्हणजे फाइलीत, लिहून ठेवायचा असतो हे आपल्या धंद्याला कळायला आश्चर्य वाटेल इतका वेळ लागला. त्याचाच हा इतिहास.

सुरुवात बेल लॅब्जपासून करायची, कारण सगळ्याच गोष्टी तिथे सुरू होतात :-) साल १९७६. स्टीव्ह जॉन्सन ('याक' लिहिणारे तेच) एके दिवशी वैतागून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. त्यांची अख्खी सकाळ एका बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती! चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, आणि चालत होता तो जुनाच माल. फेल्डमन स्वतःही आदल्या संध्याकाळी अशाच प्रकारात अडकले होते. त्या शनिवार-रविवारी त्यांनी 'मेक' लिहून काढलं. कुठली फाइल कुठल्या फाइलीवर अवलंबून आहे ते एका 'मेकफाइल'मध्ये लिहायचं. मेक तारखा बघतं आणि जे शिळं झालंय तेवढंच पुन्हा तयार करतं.

मेकफाइलमधल्या आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. यावर प्रत्येक पिढीतल्या इंजिनियरने एकदा तरी डोकं आपटलेलं असतं. फेल्डमन यांनीच नंतर सांगितलेली त्याची कथा अशी, की सुरुवातीला पटकन जमलं म्हणून तसं केलं. चूक लक्षात आली तोवर डझनभर लोक (बहुतेक मित्रच) ते वापरायला लागले होते, आणि त्यांच्या चालू मेकफाइली मोडायला नकोत म्हणून राहू दिलं. डझनभर मित्रांच्या भिडेखातर पन्नास वर्षं साऱ्या जगाने टॅब सोसला. २००३ साली मेकसाठी फेल्डमन यांना एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला, टॅबसकट.

मेकफाइलमध्ये असतं ते आपल्याच घरातल्या फाइलींचं नातं. कंपायलर कुठला, लायब्ररी कोणत्या आवृत्तीची, हे त्यात यायलाच हवं असं नाही. त्या काळी गरजही नव्हती. सगळे एकाच इमारतीत, एकाच यंत्रावर. शेजारच्या घरात साखर आहे की नाही हे यादीत कोण लिहितं?

बाहेरच्या मालाचा प्रश्न खरा पेटला तो नव्वदच्या दशकात. विंडोजवाल्यांना 'डीएलएल हेल' आठवत असेल. एक नवा प्रोग्राम टाकला, त्याने जाता जाता सामायिक डीएलएल फाइल आपल्या आवृत्तीने बदलली, आणि काल चालणारा दुसराच प्रोग्राम आज बंद. मायक्रोसॉफ्टने विंडोज २०००मध्ये महत्त्वाच्या फाइलींवर पहारा बसवला तेव्हा थोडा आराम पडला.

लिनक्सकडची तऱ्हा वेगळी. आमच्या कॉलेजच्या दिवसांत मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी मिळायच्या. एक पॅकेज टाकायला जावं, तर ते म्हणणार अमुक लायब्ररी हवी. ती टाकायला जावं, तर ती म्हणणार तमुक हवी. ती सीडीवर नसायची. मग सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून उतरवायची, फ्लॉपीवर घालून घरी आणायची, आणि घरी आल्यावर कळायचं की आवृत्ती चुकली. (फ्लॉपीच वाचली जात नाही, हा वेगळा अध्याय.)

पण एक गोष्ट लक्षात घ्या. पॅकेज निदान तक्रार तरी करत होतं! म्हणजे त्याला काय हवंय ते कुठेतरी लिहिलेलं होतं. १९९३ साली इयन मरडॉक यांनी सुरू केलेल्या डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजबरोबर 'कंट्रोल' नावाची छोटी फाइल येते, आणि तिच्यात 'डिपेंड्स' अशी ओळ: मला ही लायब्ररी लागते, इतक्या किंवा त्यापुढच्या आवृत्तीची. मार्च १९९९च्या डेबियन २.१बरोबर 'ॲप्ट' आलं आणि त्या ओळी वाचून लागेल ते सगळं आपसूक उतरवून घ्यायची सोय झाली. सायबर कॅफेच्या फेऱ्या भोगलेल्या माणसाला ती जादूच वाटली.

मात्र ही यादी आहे, हे विसरू नका. आई वाणसामानाची यादी करते त्यात "तेल २ किलो, तूरडाळ १ किलो, पोहे" असं असतं. कुठल्या कंपनीचं तेल, कुठल्या गिरणीचे पोहे, हे वाण्याच्या दुकानात त्या दिवशी काय आहे त्यावर ठरतं. नेमकं काय घरी आलं हे बिलात असतं. यादी तीच ठेवून सहा महिन्यांनी सामान आणलं तर पिशवीत दुसराच माल येईल. कुठलीही आवृत्ती चालेल म्हणणारी डिपेंडन्सी ही यादी आहे. आणि आमच्या धंद्याने वर्षानुवर्षं फक्त याद्या केल्या, बिल कधी सांभाळलंच नाही.

पायथनची कथा मी जरा सविस्तर सांगणार आहे. एक तर ती माझ्या पोटापाण्याची भाषा, आणि दुसरं म्हणजे या बाबतीत केलेल्या खटपटींचं तिच्याइतकं मोठं संग्रहालय मला तरी ठाऊक नाही.

२००० साली पायथन १.६बरोबर ग्रेग वॉर्ड यांचं 'डिस्टयूटिल्स' आलं. आपलं पॅकेज इतरांना देण्यासाठी 'सेटअप डॉट पाय' नावाची फाइल लिहायची. २००३ साली रिचर्ड जोन्स यांच्या खटपटीतून 'पायपीआय' हे सूचिपत्र सुरू झालं. सुरुवातीला तिथे फाइली नव्हत्याच, फक्त कुठे काय मिळेल याचे पत्ते. पर्लवाल्यांकडे 'सीपॅन' १९९५पासून होतं, आणि ते ही गोष्ट अधूनमधून ऐकवायचेही. २००४ साली फिलिप एबी यांचं 'सेटअपटूल्स' आलं, त्याच्याबरोबर 'ईझी इन्स्टॉल'. हे नावाप्रमाणे पॅकेज सहज टाकून द्यायचं. काढायची सोय मात्र नव्हती! घरात सामान आणता येतं, बाहेर टाकता येत नाही, अशातली गत.

मग इयन बिकिंग या एकाच माणसाने दोन गोष्टी दिल्या. २००७ साली 'व्हर्च्युअलएन्व्ह', म्हणजे प्रत्येक प्रकल्पाची वेगळी चूल. एका प्रकल्पाला जुनी लायब्ररी, दुसऱ्याला नवी, आणि दोघांचं भांडण नाही. २००८ साली 'पिप'. आणि पिपबरोबर ती साधीसुधी फाइल, जी आजही लाखो प्रकल्पांत पडलेली आहे: 'रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी'. एका ओळीत एक नाव. वाटलं तर पुढे दोन बरोबरच्या खुणा टाकून नेमकी आवृत्ती. 'पिप फ्रीझ' म्हटलं की या घडीला काय काय बसवलेलं आहे त्याची जंत्री मिळते.

म्हणजे २०११ साली माझ्याकडे हे सगळं होतं. एक आज्ञा दिली असती तर ताईच्या झिपमध्ये नमपायची नेमकी आवृत्ती आली असती. दिली नाही. (पायथनची स्वतःची आवृत्ती मात्र 'पिप फ्रीझ'च्या जंत्रीत येत नाही, आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलं. म्हणजे निम्मा दोष माझा, निम्मा काळाचा. बरं, पाऊण माझा.)

पण या साध्या फाइलीतच एक गोंधळ होता. कोणी ती यादी म्हणून लिहायचं, कोणी बिल म्हणून. हाताने चार नावं लिहिली तर ती यादी. 'फ्रीझ' करून चाळीस ओळी ओतल्या तर बिल. दोन्हींचं नाव एकच. एखाद्या अनोळखी प्रकल्पात चाळीस ओळी दिसल्या की त्यातल्या कुठल्या चार माणसाने मागितल्या आणि कुठल्या छत्तीस मागोमाग आल्या, हे कळायला मार्ग नाही. काही वर्षांपूर्वी एका जुन्या नोकरीत अशी एक फाइल माझ्या वाट्याला आली होती. तिच्यातली कुठलीही ओळ काढायची कोणाची हिंमत होत नसे. पिढीजात माळ्यावरच्या ट्रंका जशा.

'सेटअप डॉट पाय'चा घोळ आणखी मजेशीर. ती फाइल म्हणजे स्वतःच एक प्रोग्राम. पॅकेजला काय लागतं हे जाणून घ्यायला ती चालवावी लागे. ती चालवायला सेटअपटूल्स लागे, कधी आणखीही काही. ते काय, हे लिहायची जागा कुठे? त्याच फाइलीत! कपाटाची किल्ली कपाटातच. यातून सुटायला २०१६ साल उजाडलं. ब्रेट कॅनन, नथॅनियल स्मिथ आणि डोनाल्ड स्टफ्ट यांच्या 'पेप ५१८' या प्रस्तावाने 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल' ही फाइल आणली, जी चालवायची नसते, नुसती वाचायची असते. फाइल कुठल्या लिपीत लिहायची यावरही खल झाला. जेसनमध्ये टिपणी लिहिता येत नाही, यामल फार गुंतागुंतीचं, म्हणून टॉमल. हे टॉमल २०१३ साली टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी काढलं. आवृत्त्यांच्या आकड्यांचे नियम ठरवणारं 'सेमँटिक व्हर्जनिंग'ही त्यांचंच.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती हीच: गोतावळ्याची माहिती प्रोग्राममधून बाहेर काढून साध्या फाइलीत आणणं. प्रोग्राम चालवल्याशिवाय त्याच्या पोटात काय आहे कळत नसेल, तर ज्या दिवशी तो चालायचा थांबतो त्या दिवशी काहीच कळत नाही. ताईच्या झिपचं दुसरं काय झालं होतं?

आता बिलाकडे वळू. ते रुबीवाल्यांनी आधी केलं. येहुदा कॅट्झ आणि कार्ल लर्श यांच्या 'बंडलर'ची १.० आवृत्ती ऑगस्ट २०१०मध्ये आली. त्यात दोन फाइली होत्या. 'जेमफाइल'मध्ये तुम्ही हाताने लिहायचं, मला रेल्स हवं, अमुक हवं. बंडलर सगळ्या अटी जुळवून पाहणार, कुठल्या आवृत्त्या घ्यायच्या ते एकदाच ठरवणार आणि तो निकाल 'जेमफाइल डॉट लॉक'मध्ये लिहिणार. मागोमाग आलेल्या सगळ्या नातेवाइकांसकट. पुढच्या माणसाने यादी वाचायची नाही, बिल वाचायचं. वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या महिन्यात, तोच माल. आज ही कल्पना इतकी सरळ वाटते की एवढा उशीर का लागला असं वाटावं.

उशिराचं एक कारण असं, की अटी जुळवणं दिसतं तेवढं सोपं नाही. समजा तुम्हाला 'अ' आणि 'ब' हव्यात. 'अ' म्हणते मला 'क' २च्या खालची हवी, 'ब' म्हणते २ किंवा वरची. मग 'अ'ची जुनी आवृत्ती घेऊन बघा, ती 'ड'वर अडते, 'ड'ची बदला, ती आणखी कोणावर. लग्नाच्या बैठकीत मानपानाच्या अटी जुळवण्यासारखं. लिनक्सच्या पॅकेजांबाबत हा प्रश्न 'एनपी-कंप्लीट' जातीचा आहे, म्हणजे वाईटात वाईट परिस्थितीत हमखास लवकर सुटेल अशी रीत कोणालाच माहीत नाही, हे २००६च्या सुमारास युरोपातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. पिप तर कित्येक वर्षं या भानगडीत पडतच नव्हतं. जी अट आधी दिसेल ती पाळायची, नंतरच्यांनी बघून घ्यावं! खऱ्या अर्थाने अटी जुळवणारं पिप नोव्हेंबर २०२०मध्ये, २०.३ आवृत्तीत आलं. तेव्हा कितीतरी लोकांचे प्रकल्प अडले, आणि लोक पिपवर चिडले. वास्तविक त्यांच्या याद्या आधीपासूनच परस्परविरोधी होत्या, पिपने फक्त ते बोलून दाखवलं.

पायथनचं अधिकृत, सगळ्या अवजारांना समजणारं बिल यायला त्याहून वेळ लागला. मधल्या काळात 'पिपएन्व्ह', 'पोएट्री', मग २०२४मध्ये 'यूव्ही', प्रत्येकाचं आपापलं बिल. शास्त्रज्ञ मंडळींनी तर २०१२पासून 'कोंडा'चा वेगळाच संसार थाटला होता, कारण त्यांना पायथनबरोबर फोर्ट्रान आणि सी मधल्या जड लायब्रऱ्याही लागायच्या. सगळ्यांसाठी एक बिल असावं म्हणून आलेला 'पेप ६६५' नामंजूर झाला. शेवटी 'पेप ७५१' मार्च २०२५मध्ये मंजूर झाला आणि 'पायलॉक डॉट टॉमल' जन्माला आली. जेमफाइल डॉट लॉकनंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी.

बिल असलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. २२ मार्च २०१६. जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातून 'लेफ्ट-पॅड' नावाचं पॅकेज नाहीसं झालं. अकरा ओळींचा प्रोग्राम! काम काय, तर शब्दाच्या डावीकडे हवी तेवढी जागा भरून द्यायची. एका दुसऱ्याच पॅकेजच्या नावावरून वाद झाला, आणि ते लिहिणाऱ्याने चिडून आपली अडीचशेच्या वर पॅकेजेस भांडारातून काढून घेतली. त्यातलं हे एक. त्या अकरा ओळींवर 'बेबल' अवलंबून होतं, आणि बेबलवर निम्मं जग. काही तास जगभरचे बिल्ड पडत राहिले, शेवटी एनपीएमने ते पॅकेज स्वतःहून परत ठेवलं आणि काढून घेण्याचे नियम कडक केले. इथे तुमच्या हातात अगदी नेमकं बिल असतं तरी उपयोग नव्हता, कारण दुकानातून मालच उठला होता.

म्हणून मग कोणी म्हणालं, अख्खं स्वयंपाकघरच पेटीत भरू. मार्च २०१३मध्ये 'पायकॉन'मधल्या एका पाच मिनिटांच्या भाषणात सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर दाखवलं आणि दोन-तीन वर्षांत ते सगळीकडे झालं. "माझ्या यंत्रावर तर चालतंय" यावर उत्तर म्हणून यंत्रच पाठवून द्यायचं. पेटी उत्तम. पण पेटी कशी भरायची ते सांगणारी 'डॉकरफाइल' बहुतेक वेळा पुन्हा यादीच असते. तिच्यातल्या "ॲप्टकडून ताजा माल आण" या ओळीचा अर्थ सोमवारी एक आणि पुढल्या महिन्यात दुसरा. या बाबतीत मला मनापासून पटतो तो हॉलंडमधल्या एल्को डोल्स्ट्रा यांचा 'निक्स'. उट्रेक्ट विद्यापीठात २००६ साली त्यांनी यावरच पीएचडी केली. प्रत्येक गोष्ट ज्या ज्या गोष्टींपासून बनली त्या सगळ्यांचा मिळून एक ठसा काढायचा आणि तो तिच्या पत्त्यातच घालायचा. कंपायलर बदलला की ठसा बदलला, की पत्ता बदलला. शिकायला अवघड आहे, दोनदा सुरू करून सोडून दिलं, हेही कबूल करतो.

बिलाचा एक उपयोग पुढे असा निघाला, जो सुरुवातीला कोणाच्या मनातही नसावा. डिसेंबर २०२१मध्ये जावाच्या 'लॉगफोरजे'मधलं भगदाड उघडकीस आलं, तेव्हा जगभरच्या कंपन्यांपुढे पहिला प्रश्न होता: हे आपल्याकडे कुठे कुठे आहे? ज्यांच्याकडे गोतावळ्याची नोंद होती, त्यांना शोधायला तरी जागा होती. बाकीचे आठवडेच्या आठवडे यंत्रं धुंडाळत बसले. आपल्याकडे 'सेबी'ने ऑगस्ट २०२४च्या सायबरसुरक्षा चौकटीत सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या अशा जंत्रीचा आग्रह धरला. इंजिनियरच्या सोयीची फाइल आता हिशेबतपासनीस मागतात.

असो. ताईकडे परत येतो.

२०२०मध्ये काही शास्त्रज्ञांनी एक गमतीदार आव्हान पुरं केलं: दहा वर्षांहून जुना, स्वतःचाच प्रोग्राम पुन्हा चालवून दाखवायचा. कोनराड हिन्सेन आणि निकोला रूजिए यांनी ते 'रीसायन्स सी' या नियतकालिकातर्फे मांडलं होतं. रूजिए यांनी स्वतः शाळकरी वयात एका फ्रेंच मासिकात छापून आलेला, बत्तीस वर्षांपूर्वीचा ॲपल २वरचा प्रोग्राम चालवून दाखवला. ते वाचून मला धीर आला. म्हटलं, माझा तर पंधराएक वर्षांचाच आहे.

डॉकरच्या भांडारात पायथन २.७ची जुनी पेटी अजून आहे. ती उतरवली. नमपायची पायथन २.७वर चालणारी शेवटची शाखा १.१६, ती त्यात बसवली. कंस काढून मूळ प्रोग्राम जसाच्या तसा चालवला. तक्ता प्रबंधातल्या तक्त्याशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. आणि तेव्हा कुठे डोळे उघडले: प्रबंधातली प्रत्येक सरासरी 'दशांश शून्य' अशी संपत होती. एकूण एक. मार्गदर्शक, परीक्षक, ताई, मी, कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

पायथन २मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांकच यायचं, उरलेलं टाकून दिलं जायचं. समजा पहिल्या दशकात मिळून ६४९ पावसाळी दिवस आणि दुसऱ्यात ६९०. दहाने भागून यायला हवेत ६४.९ आणि ६९, फरक ४.१ दिवसांचा. पायथन २ सांगणार ६४ आणि ६९, फरक ५चा. पायथन ३मध्ये भागाकाराचा अर्थच बदलला, त्यामुळे नुसते कंस घातल्यावर उत्तर आपोआप बरोबर यायला लागलं होतं. चूक २०११ची होती, आणि माझी होती. भाषेचा नियम तेव्हाही लेखी होता, एका ठिकाणी दशांश चिन्ह टाकायचं राहिलं.

रविवारी संध्याकाळी ताईला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"म्हणजे निष्कर्ष चुकला का रे?"

"दिशा तीच आहे. वाढ झाली हे खरंच. पण दोन पर्जन्यमापकांवर तू म्हटलंयस त्यापेक्षा कमी झाली."

"आणि तिसऱ्यावर?"

"तिसऱ्यावर जवळजवळ काहीच नाही."

तिसऱ्यावर तिने एक अख्खं प्रकरण लिहिलंय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ताई रागावली नाही. सोमवारी तिने विद्यापीठाला शुद्धिपत्राबद्दल विचारणा केली आणि त्या विद्यार्थ्याला दोन्ही तक्ते पाठवले, जुना आणि नवा. मी झिप नव्याने करून दिली. त्यात आता भागाकार दुरुस्त केलेला प्रोग्राम आहे, पायप्रोजेक्ट डॉट टॉमल आहे, पायलॉक डॉट टॉमल आहे, आणि जुना तक्ता ज्या पेटीत निघाला तिचा पत्ताही. 'रीड मी' मात्र तिनेच लिहायला घेतलंय. माझ्यावर सोडायला तयार नाही.

विद्यार्थ्याचं काल उत्तर आलं. त्याच्या लॅपटॉपवर चाललं, आकडे जुळले. तिसरा पर्जन्यमापक मध्यंतरी जागेवरून हलवला होता का, हे तो आता तहसील कचेरीत जाऊन विचारणार आहे.